पामटॉपची खंडेनवमी

माझ्या पामटॉपला चंदनाच्या साबणाने आंघोळ घातली गेली, तेव्हा मी आत बसून तांदळाची भाकरी आणि चहा घेत होतो. भाकरी लुसलुशीत झाली होती.

पामटॉप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही (आणि माझ्या त्या वेळच्या भाकितानुसार असा माणूस आता भारतात उरायलाच नको होता!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर. खाली चार-दोन बटणं, बाकी सगळी करड्या रंगाची काच. काचेवर प्लास्टिकच्या काडीने टोचायचं, की तारखा, पत्ते, करायची कामं, सगळं हजर! त्यात लिहिताही यायचं, फक्त आपल्या अक्षरात नाही, त्याच्या अक्षरात. म्हणजे शिकलेल्या माणसाने एबीसीडी पुन्हा पहिल्यापासून गिरवायची. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि आमच्या ऑफिसात साहेबांसाठी असा एक पामटॉप मागवला होता. साहेबांनी गिरवून गिरवून पाहिलं, पण त्यांचं आडनाव काही त्या यंत्राला पटेना. शेवटी त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तू कॉम्प्युटरवाला ना? वापरून बघ आणि काय ते सांग."

मी वापरला आणि पुरता प्रेमात पडलो. आमची ही, नीता, मात्र पडली नाही. वसईच्या बाजारात मी काडी काढून, काच उघडून, 'काय आणायचं' या पानापर्यंत पोचेस्तोवर नीताने भाजी घेऊन, वर कोथिंबीर मागून, रिक्षा थांबवलेली असायची.

"अहो, येताय की भेंडीची मुलाखत घेताय?"

"हस तू! पाच वर्षांत हे प्रत्येकाच्या खिशात असणार. लिहून ठेव!"

"तुमच्या त्याच्यातच लिहा की. काडी सापडली की."

(काडी हरवायची, हे खरं आहे. एक तर मी चहात साखर ढवळून चहाच्या टपरीवरच विसरलो होतो. पण मोठ्या शोधांच्या मार्गात अशा किरकोळ अडचणी यायच्याच!)

घरात ओळखलं नाही, तरी सासुरवाडीत माझं मोल होतं. सासुरवाडी जूचंद्रची, नायगाव स्टेशनच्या पूर्वेला. सासरे, म्हणजे मामा, खाडीकाठचे जुने भातशेतीवाले. थोडी जमीन बिल्डरला गेली आणि त्या व्यवहारात त्यांना गोखिवऱ्याला रस्त्यालगत एक गाळा मिळाला. हा गाळा माझा मेहुणा जयेश याच्यासाठी होता. जयेश पदवीपर्यंत शिकला, दोन नोकऱ्या धरल्या, दोन सोडल्या, आता त्याला स्वतःचं दुकान हवं होतं. कसलं दुकान, एवढंच ठरायचं होतं. मामांचं मत, नळ आणि पाइपांचं. जयेशला मात्र नळांच्या राशीत बसायच्या कल्पनेनेच रडू यायचं. "भावजी, लग्नाला मुलगी बघायला गेलो तर काय सांगू? मी तोट्या विकतो?"

अशा नाजूक मनःस्थितीत गणपतीला त्याने माझा पामटॉप पाहिला.

"भावजी, एकदम कडक आयटम आहे! ह्याचं दुकान टाकलं तर?"

"टाकच!" मी म्हणालो. माझ्यातला द्रष्टा तेव्हा उकडीचे मोदक खाऊन बसलेला होता. "अख्ख्या वसई-विरारात पहिलं दुकान. शिक्षक घेतील, डॉक्टर घेतील, केळीचे व्यापारी घेतील. अर्नाळ्याचे कोळी होडीत घेऊन जातील!"

"होडीत कशाला?" नीताने विचारलं.

"भरती-ओहोटीची वेळ बघायला!"

"त्यांना ती समुद्रात दिसते," नीता म्हणाली आणि मोदकाचं ताट उचलून घेऊन गेली.

जयेशने हट्ट धरला. मामांनी फार वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्याकडे वळले. "जावई, तुमी कम्प्युटरमदले. ह्याला काय कलत नाय, मना पन नाय. तुमी दसऱ्याला येतांव, तवा ह्ये मशीन आमच्या ओट्यावर चार मानसांत चालवून दाकवा. मानसांना पटला तर मशीनीचा दुकान, नाय पटला तर नलाचा. नारल दसऱ्यालाच फोरायचा."

म्हणजे जयेशचं पुढचं सगळं आयुष्य आता माझ्या खिशात होतं. जयेश तर मला खंडेनवमीच्या सकाळी न्यायला स्टेशनवर आला, आणि त्याने माझी पिशवी न घेता पामटॉपच तेवढा हातात घेतला.

आता इथे सासुरवाडीची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला घरातल्या प्रत्येकाने आपापलं हत्यार आणून द्यायचं. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार. मामांचे विळे, कोयते, कुदळ. सासूबाईंची, म्हणजे मामींची, मासे कापायची विळी. नीताचं जुनं शिवणयंत्र. जयेशचे मोटारसायकलचे पाने. सगळं ओट्यावर पाटावर मांडून त्याची पूजा होते आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. हत्यारालाही विसावा हवा! लग्न झाल्यापासून या रांगेत माझं बॉलपेन असायचं. कोयत्या-कुदळींच्या शेजारी ते निळं बॉलपेन बघून शेजारपाजारचे लोक तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पण माझ्याकडे सहानुभूतीने बघायचे.

त्या वर्षी मामींनी नेहमीसारखं विचारलं, "जावईबापू, तुमचा हत्यार द्या."

मी ताठ उभा राहिलो. खिशातून पामटॉप काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या सुपात ठेवला. खरं सांगतो, मला भरून आलं. जे यंत्र कुदळीच्या शेजारी जाऊन बसलं, ते समाजाने स्वीकारलंच की! मी जयेशला डोळा मारला, जयेशने मला मारला आणि मी भाकरी खायला आत गेलो.

मी मूळचा कोल्हापुराकडचा, वाढलो चाळीत, राहतो फ्लॅटमध्ये. पूजा म्हणजे हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल, एवढंच मला माहीत. पूजेआधी हत्यारं धुतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बॉलपेन दर वर्षी एवढं चकचकीत होऊन परत का येतं, असा विचारही माझ्या कॉम्प्युटरवाल्या डोक्यात कधी आला नव्हता!

भाकरी संपवून मी बाहेर आलो, तर विहिरीजवळच्या दगडावर सगळी हत्यारं ओळीने निथळत होती. कोयता, विळा, कुदळ, पामटॉप, पाना.

"मामी!" माझ्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

मामी पदराला हात पुसत हसल्या. "बाकीच्यांना राख लावली. तुमचा नाजूक हाय, म्हनून त्याला अंगाचा साबन लावला. चंदनाचा. लेकीच्या नवऱ्याचा हाय ना!"

या प्रेमावर कोणता जावई काय बोलणार? मी पामटॉप उचलायला हात पुढे केला, तर त्याला तेलही लागलेलं होतं. गंज धरू नये म्हणून!

"वल्लाच हाय अजून," मामी म्हणाल्या. "थांबा, उन्हात ठेवते." आणि त्यांनी तो सुपात घालून सुकटीशेजारी अंगणात ठेवला. दुपारी तो पाटावर गेला. काचेवर हळद, काचेवर कुंकू, वर अक्षता, वर झेंडू. काडीलाही वेगळं कुंकू लावलं. मामींचा हात मोकळा आहे, कुणाच्या कपाळी चिमूटभर कुंकू त्या कधी लावत नाहीत.

मी मामांना हळूच म्हणालो, "मामा, एकदा फक्त बटण दाबून बघू का? जिवंत आहे की नाही तेवढंच."

"द्येव बसलाय, जावई. उद्या."

"पण मामा, उद्या लोकांसमोर..."

"उद्या," मामा म्हणाले. हे मामा एरवी मला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसत.

ती संध्याकाळ मी आणि जयेश पाटासमोर बसून काढली. आत आरती, बाहेर पोरांचा गरबा आणि समोर फुलांच्या ढिगाखाली आमचा धंदा! जयेशचा चेहरा बघवत नव्हता. पण उलट तोच मला धीर देत होता. "भावजी, ट्रॅक्टर पण भिजतो ना पावसात? काय होत नाय." ट्रॅक्टर आणि पामटॉप यांच्यातला फरक समजावून सांगायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून मी हो म्हणालो. पोराने गाळ्यासाठी पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

दसऱ्याला सकाळी पूजा उठली. आपट्याची पानं वाटून झाली, पाया पडून झालं. मामा ओट्यावर बसले. सोबत चार नाही, आळीतली चांगली पंधरा-वीस माणसं. जयेशने प्रचार जोरात केला होता!

"हां जावई, चालवा."

मी झेंडू बाजूला केला, अक्षता झटकल्या, धोतराच्या सोग्याने काच पुसली (धोतर मामांचं) आणि डोळे मिटून बटण दाबलं.

सुरू झाला!

मी अक्षरशः उडी मारली. "बघितलंत? साबण लावा, तेल लावा, उन्हात वाळवा, काही होत नाही! असं यंत्र आहे हे!" ओट्यावर कुजबुज झाली. एक म्हातारबाबा म्हणाले, "वस्तू मजबूत हाय." जयेशच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला.

मग मी काच नीट बघितली. आतली माझी सगळी माहिती धुऊन निघाली होती. पामटॉप नुकताच जन्मल्यासारखा कोरा होऊन बसला होता, आणि अशा वेळी तो पहिल्यांदा मालकाची काडी कुठे पडते ते समजून घेतो. त्यासाठी काचेवर एक गोल येतो, गोलात फुली. त्या फुलीवर टोचायचं. तो शिकतो आणि पुढे जातो. साधी गोष्ट! मी टोचलं. गोल गेला, दुसरा आला. टोचलं. तिसरा आला, टोचलं. मग पुन्हा पहिला आला.

"काय बोलतो?" मामांनी विचारलं.

"फुलीवर टोचा म्हणतो."

"टोचा मंग."

मी टोचलं. पुन्हा तेच. काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. काचेच्या चौकटीच्या फटीत मामींचं कुंकू जाऊन बसलं होतं. त्यामुळे एका कोपऱ्यात कायम कोणीतरी बोट दाबून धरलंय असं त्याला वाटत होतं, आणि माझ्या काडीवर त्याचा विश्वासच बसत नव्हता.

"आता काय बोलतो?"

"टोचा म्हणतो."

"आताच टोचलात ना?"

"परत टोचा म्हणतो."

"आना, मी टोचतो," मामा म्हणाले. कुदळ धरणारा हात! त्यांनी असं टोचलं की काडी वाकली. पामटॉपने मामांचाही मान ठेवला नाही, पुन्हा फुली. मग म्हातारबाबांनी टोचलं. त्यांना मोतीबिंदू, त्यांनी माझ्या अंगठ्यावर टोचलं. मग रांगच लागली. आळीतला प्रत्येक जण येऊन एकदा टोचून जायचा आणि पुढच्याला सल्ला द्यायचा, "हलूच टोच," "जोरान टोच," "त्याच्याकरं बघू नको, एकदम टोच!" एकाने तर टोचायच्या आधी त्याला नमस्कार केला. जयेश कोपऱ्यात उभा राहून एकेकाच्या हाताकडे बघत होता.

एवढ्यात मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माज्या धुन्यान बिगारला काय त्यो?"

मामांनी मामींकडे बघितलं. दसऱ्याचा दिवस, चार माणसांत जावयाची वस्तू आपल्या हातून गेली, लेकाचं दुकान गेलं, असं सगळं त्या बाईच्या डोळ्यांत आलं होतं. आणि मला ते अजिबात सहन होईना. चंदनाचा साबण लावला होता हो तिने!

"छे छे मामी!" मी म्हणालो. "धुण्याचा काय संबंध? हा असाच असतो."

मामा सरसावून बसले. "असाच, म्हंजे?"

"म्हणजे... असंच टोचावं लागतं याला. सकाळी सकाळी."

"रोज?"

"रोज."

मामींच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. जयेशच्या चेहऱ्यावरचा तेवढाच गेला.

"पान्यात नाय परला, तरी?" मामांनी विचारलं.

"तरी."

"नवा कोरा घेतला, तरी?"

जयेश मला मागून हातवारे करत होता. मी मामींकडे बघितलं. त्या श्वास धरून उभ्या होत्या.

"तरी," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाना पन रोज टोचावा लागंल?"

"सगळ्यांनाच, मामा. हे यंत्रच तसलं आहे." आणि एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस हात आखडत नाही, म्हणून मी पुढे म्हणालो, "साहेबांनी त्याच कंटाळ्याने मला दिलंय!"

मामी खुदकन हसल्या. "आगं बाय माजे! मना वाटला माज्यानंच!" आणि त्या भाताचं बघायला आत गेल्या. इतक्या हलक्या पावलांनी त्यांना जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मामा उठले, धोतर झटकलं. "नलाला कोन टोचत बसत नाय. फिरवला की पानी." आळीने माना डोलावल्या. दुपारी आम्ही सगळे गोखिवऱ्याला गेलो आणि नळांच्या दुकानाचा नारळ फुटला. मला पेढा देताना जयेशने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. नीता तेवढी परतीच्या वाटेवर म्हणाली, "आईसाठी बोललात ना?" तिने माझा हात धरला, आणि लगेच सोडून म्हणाली, "पण तसंही कोणी घेतलं नसतं हो ते."

ऑफिसात पामटॉप उघडून दुरुस्त करणाऱ्याने मला बोलावून घेतलं. "सर, आत तांदूळ आहेत." मी म्हणालो, "असतील." त्याने पुढे विचारलं नाही, पण कितीतरी दिवस त्याच्या टेबलाला चंदनाचा वास येत होता.

नळांचं दुकान चाललं. चाललं म्हणजे धावलं! गोखिवरे काय, नायगाव काय, जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीत संडास-मोऱ्या आल्या, म्हणजे नळ आले. मुलगी बघायला गेल्यावर जयेशने 'तोट्या विकतो' असं न लाजता सांगितलं आणि मुलीच्या बापाने दोन घरांचे नळ त्याच्याकडूनच घेतले. पामटॉप मात्र कुठेच दिसेना. ना शिक्षकांच्या हातात, ना डॉक्टरांच्या, ना होडीत. हळूहळू जयेश माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागला.

मग बऱ्याच वर्षांनी एका रविवारी त्याचा फोन आला. शेजारचा गाळा रिकामा होत होता.

"भावजी, एक विचारू? नवे मोबाइल येतायत म्हणे. बटणंच नाहीत, नुसती काच. सगळं बोटाने. त्याचं दुकान टाकू का?"

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. या विषयात माझ्याइतकं पोळलेला माणूस वसई तालुक्यात दुसरा नव्हता! "जयेश, वेडा आहेस का? काच आणि बोट? आपल्या लोकांची बोटं तेलाची, मसाल्याची, पिठाची. कोण वापरणार? माणसाला बटण दाबल्याचा आवाज यावा लागतो. सहा महिन्यांत बंद पडेल."

"भावजी, हे मनापासून बोलताय ना? आईबिईसाठी नाय ना?"

"अगदी मनापासून!"

"नक्की?"

"लिहून देतो!"

"थँक्यू भावजी," जयेश एवढ्या आनंदाने म्हणाला की मला बरं वाटलं. एका पोराला बुडण्यापासून वाचवल्याचं समाधान घेऊन मी दुपारी चांगली झोप काढली.

पुढच्याच महिन्यात मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. मी गेलो तर आत शिरायला जागा नव्हती. तेलाची, मसाल्याची, पिठाची, सगळ्या प्रकारची बोटं काचेवर फिरत होती! मी जयेशला बाजूला ओढलं. "अरे, मी नको म्हणालो होतो ना?"

"हो ना भावजी," जयेश म्हणाला आणि माझ्या तोंडात पेढा घातला. "पामटॉपला तुम्ही मनापासून हो बोललात, ह्याला मनापासून नको बोललात, आणि मी तासाभरात ॲडव्हान्स दिला."

मी पेढा गिळतोय तोवर मामांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं, "ह्ये आमचे जावई. कम्प्युटरमदले. ह्यांना इचारल्याबिगर आमी कंचाच धंदा करत नाय!"